नाताळच्या झाडाची दर वर्षीची तक्रार: माळ अर्धी विझलेली, झाड पुढे कललेले

गेली काही वर्षे आमच्या घरात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकच प्रसंग न चुकता घडत आला. माळ्यावरून नाताळच्या झाडाचे खोके उतरवायचे, बैठकीच्या खोलीत सतरंजीवर सगळे मांडायचे, आणि तासाभरात लक्षात यायचे की गेल्या वर्षी उत्तम चालणाऱ्या तीन माळांपैकी दोन अर्ध्याच पेटतात, झाड उभे केले की भिंतीपासून सुटून पुढे कलते, आणि फांद्या इतक्या चपट्या झालेल्या असतात की पाच फुटांचे झाड मिटलेल्या छत्रीसारखे दिसते. मग मी स्कूटर काढून महाराणी रोडवर जायचो, दोन नव्या माळा आणायचो, आणि पुढच्या डिसेंबरात त्या नव्या माळांचीही तीच गत झालेली असायची. माळ्यावर ठेवलेल्या माळा धड राहत नाहीत, अशी कोटी आमच्या सौ. दर वर्षी करायच्या आणि दर वर्षी ती खरी ठरायची.

पीथमपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षे विजेच्या देखभालीचे काम केलेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते. इंदूरच्या राजेंद्रनगरातले आमचे घर इथल्या इतर मराठी घरांसारखेच आहे. गणपतीचे मखर आणि दिवाळीचा आकाशकंदील मी स्वतः करतो. झाड आले ते सूनबाईंबरोबर, कारण तिचे माहेर अहमदनगरकडच्या (आताच्या अहिल्यानगरकडच्या) मराठी ख्रिस्ती कुटुंबातले आहे आणि नाताळ तिच्यासाठी दिवाळीइतकाच घरचा सण आहे. तिच्या सणाला दर वर्षी अर्धी विझलेली माळ लागावी हे मनाला लागत होते, म्हणून तीन वर्षांपूर्वी कारखान्यातली सवय मी घरी लावली आणि प्रत्येक बिघाडाचे लक्षण व सापडलेले कारण एका वहीत लिहू लागलो. त्या वहीतून जे निघाले ते असे की यातले बहुतेक बिघाड जानेवारीत झाड आवरताना आपण स्वतः करतो, ते अकरा महिने खोक्यात पडून राहतात आणि डिसेंबरात केवळ उघडे पडतात. खाली जे उपाय दिले आहेत ते आजच्या आज माळ पेटवण्यासाठी आहेतच, पण प्रत्येक ठिकाणी मूळ दोष कुठे झाला तेही सांगितले आहे.

माळ अर्धी पेटते, अर्धी पेटत नाही

आधी माळ कोणत्या जातीची आहे ते ठरवावे लागते. एक जुनी, तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या बल्बांची, जिला बाजारात राइस लाइट म्हणतात. दुसरी एलईडीची, जिच्या तोंडाशी बटणाची डबी असते. तिसरी तांब्याच्या बारीक तारेची, जी यूएसबीवर किंवा पेन्सिल सेलवर चालते. तिघींची दुखणी वेगळी आहेत आणि एकीचे औषध दुसरीला दिले तर उरलेली अर्धीही विझते.

राइस लाइटमध्ये साधारण ६ व्होल्टचे बल्ब एकामागोमाग, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेले असतात. ४० बल्बांची साखळी धरली तर २३० व्होल्टची वाटणी होऊन प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट येतात. एका बल्बची तार तुटली की त्या साखळीतले चाळीसही विझतात. लांब माळेत अशा दोन-तीन साखळ्या शेजारीशेजारी असतात, म्हणूनच ती पूर्ण न विझता अर्धी विझते. आणि जी माळ अर्धी पेटते तिचा प्लग, तिची पिन आणि भिंतीतली वीज ठीक आहे, दोष विझलेल्या टप्प्याच्या आतच आहे, एवढे काहीही न उघडता कळते. विजेचे दिवे लावलेले पहिले झाड १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरी उभे केले होते आणि त्यावर लाल, पांढरे व निळे असे ८० दिवे होते. ‘यातला कोणता गेला’ हा प्रश्न त्यांच्याही घरी विचारला गेला असेल अशी माझी खात्री आहे.

आपल्याकडचा सर्रास उपाय म्हणजे संशयित बल्ब कापून दोन तारांना पीळ देणे. मीही तो वर्षानुवर्षे केला आणि तो चुकीचा आहे. एक बल्ब काढला तर उरलेल्या ३९ बल्बांना ५.९ व्होल्ट मिळतात, त्याने काही बिघडत नाही. चार काढले की ६.४ होतात, आठ काढले की ७.२. माळ पहिल्यापेक्षा झळाळते, घरचे कौतुक करतात, आणि त्यानंतर बल्ब भराभर जाऊ लागतात, कारण आतल्या तापणाऱ्या तारेला व्होल्टेज थोडे जरी जास्त मिळाले तरी तिचे आयुष्य फार झपाट्याने घटते. आमची एक माळ मी अशी चार डिसेंबरांत चाळिसावरून बत्तिसावर आणली होती. शेवटच्या वर्षी २५ तारखेच्या रात्री पाने वाढलेली असताना ती एकदम पांढरीशुभ्र झळकली आणि गेली. शिवाय पीळ दिलेल्या तारेवरची चिकटपट्टी उन्हाळ्यात माळ्यावरच्या उष्णतेने सुटते आणि उघडा सांधा तसाच झाडावर चढतो, हा धोका वेगळाच.

मेलेला बल्ब शोधायला चाळीसही बल्ब एकेक काढून पाहावे लागत नाहीत. साखळीचे सतत दोन भाग करत जावे. प्लग भिंतीतून काढून हातात घ्यावा, साखळीच्या मध्यावरचा विसावा बल्ब उपसून बाजूला ठेवावा, मल्टिमीटरची (व्होल्टेज व रोध मोजणाऱ्या मीटरची) एक कांडी प्लगच्या पिनेला लावावी आणि दुसरी त्या रिकाम्या होल्डरमधल्या प्लगच्या बाजूने येणाऱ्या पत्रीला. आकडा दिसला तर पहिले एकोणीस शाबूत आहेत आणि दोष पुढे आहे. दिसला नाही तर पिन बदलून एकदा पाहावे, आणि तरीही नाही तर दोष अलीकडे आहे. मग विसावा बल्ब परत बसवून उरलेल्या भागाच्या मध्यावर जावे. येथे दोन बारकावे आहेत, जे मला दोन संध्याकाळी वाया घालवून कळले. पहिला असा की बल्ब उपसलेला असतानाच मोजले पाहिजे, नाहीतर मीटरला शेजारच्या चालू साखळीतून मागच्या दाराने वाट सापडते आणि तुटलेली साखळी धड असल्याचे दिसते. दुसरा असा की मीटरच्या ‘बीप’वर विसंबू नये, कारण वीस बल्बांचा मिळून रोध दोन-तीनशे ओहमपर्यंत जाऊ शकतो आणि तेवढ्याला बीप वाजत नाही, मीटर २००० ओहमच्या रेंजवर ठेवून आकडा वाचावा.

गेल्या डिसेंबरात नातू शेजारी बसून बल्ब मोजत होता. विसावा, तिसावा, पंचविसावा, अठ्ठाविसावा, सव्विसावा, आणि सहाव्या खेपेला सत्ताविसावा. ‘आजोबा, हाच!’ म्हणून त्याने तो चिमटीत धरून दिव्यासमोर नेला तर आतली तार अखंड होती. बल्ब गेलेलाच नव्हता. त्याच्या बुडातून निघणारा केसाएवढा तांब्याचा पाय होल्डरमध्ये दुमडून पत्रीपासून सुटला होता; नखाने सरळ करून परत बसवला आणि चाळीस बल्ब पेटले. वहीत पाहिले तर त्याच्या आधीच्या वर्षीही चारपैकी तीन ‘मेलेले’ बल्ब असेच जिवंत निघाले होते. झाड आवरताना माळ एका टोकाला धरून ओढली की प्लॅस्टिकच्या सुया बल्बाला अडकवतात, बल्ब होल्डरमध्ये अर्धा फिरतो आणि त्याचा पाय मुडपतो. जानेवारीत दिलेला हिसका नऊ डिसेंबरला असा दिसतो.

एलईडीच्या माळेत लक्षण रंगाने ओळखावे. अशा माळेत एकाआड एक येणारे रंग बहुधा वेगवेगळ्या साखळ्यांवर असतात आणि डबी त्यांना पाळीपाळीने पेटवते. लाल रंग पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेच पेटत नसेल, तर त्या साखळीतला एखादा एलईडी किंवा तार तुटली असेल किंवा डबीतला त्या साखळीचा स्विच गेला असेल. उलट एखादा रंग बटण कितीही दाबले तरी लुकलुकत नाही, सतत पेटलेलाच राहतो, तर माळेत दोष नाही, डबीतच आहे. एलईडी मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर तपासता येत नाही. डायोडच्या खुणेवर ठेवून, सुटा केलेला एकेक एलईडी सुलटा लावला तरच तो मिणमिणतो. पण हल्लीच्या माळांत एलईडी साच्यात ओतूनच बंद केलेले असतात, त्यामुळे तिथे तासन्तास घालवण्यात मला अर्थ वाटत नाही. एक जागा मात्र जरूर पाहावी: डबीच्या तोंडातून तार बाहेर पडते तो पहिला इंचभर भाग. माळ उतरवल्यावर ती डबीभोवतीच गच्च गुंडाळण्याची पद्धत घरोघरी आहे आणि तार नेमकी तिथेच आतून मोडते. वरचे आवरण शाबूत असेल तर माळ लावून तो भाग अलगद हलवून पाहावा. लुकलुकाट झाला तर दोष सापडला. मग प्लग काढून तार तेवढी कापावी, डाग देऊन (सोल्डर करून) जोडावी आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. डाग देता येत नसेल तर ही माळ सोडून द्यावी, केवळ पीळ देऊन चालवू नये.

तांब्याच्या तारेच्या माळेत एलईडी समांतर जोडलेले असतात, म्हणून एखादा गेला तर तेवढाच विझतो. तिथे एका बिंदूपासून पुढचे सगळे विझले असतील तर त्या बिंदूला तार घडी पडून तुटली आहे. सगळेच मंद असतील तर सेलकडे पाहावे. आमच्याकडे नवी माळ मंद पेटते म्हणून मी ती दुकानात परत करायला निघालो होतो. दोष माझा होता, मी चार्ज होणारे सेल घातले होते. साधे तीन सेल प्रत्येकी १.५ व्होल्टचे मिळून ४.५ होतात, चार्ज होणारे १.२ चे मिळून ३.६, आणि पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीलाच सुमारे ३ व्होल्ट लागतात, त्यामुळे पुढे फारसे काही उरत नाही. सेल वर्षभर आतच राहून पाझरले असतील तर स्प्रिंगवरचा पांढरा थर कोरड्या टूथब्रशने व पॉलिश कागदाने खरवडावा आणि नंतर हात धुवावेत. गोळीसारखे चपटे सेल असलेल्या माळा मात्र लहान मूल असलेल्या घरात लावू नयेत, कारण गिळला गेलेला असा सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.

पहाटे घरातली वीज जाते

ही तक्रार बाहेरच्या दिव्यांची आहे. आपल्याकडे दिवाळीला गच्चीच्या कठड्यावर सोडलेली माळ ‘आता नाताळही येतोच आहे’ म्हणून तशीच राहते आणि तिच्याच शेवटी कागदाची चांदणी टांगली जाते. दिवाळीनंतर माळव्याची थंडी चढते, दिवसाचे ऊन आणि पहाटेचे दव यांचा खेळ सुरू होतो, आणि एखाद्या सकाळी चार-पाच वाजता आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की घरची वीज तोडणारा स्विच, पडतो. उठून वर केला तर लगेच पुन्हा पडतो. उन्हे वर आल्यावर मात्र मुकाट्याने टिकतो. लोक आरसीसीबी बिघडला असे समजून तो बदलतात किंवा, त्याहून वाईट, त्याला वगळून तार जोडतात. प्रत्यक्षात तो आपले काम चोख करत असतो. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरची गळती झाली की पडतो, आणि दवाने भिजलेल्या एका सांध्यातून कठड्याच्या ओल्या भिंतीत तेवढी गळती सहज होते.

बाहेरची माळ काढून आरसीसीबी वर करावा. टिकला तर दोषी ती माळच. सांधे, प्लग आणि डबी पाहावी, विशेषतः एका माळेच्या शेपटाला दुसरी जोडलेली जागा. घरात वापरायची माळ बाहेर लावलेली असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नये. बाहेरसाठी घेताना आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेली घ्यावी. आयपी ४४ केवळ उडणाऱ्या थेंबांपुरती असते. डबी आणि प्लग यांना तेही संरक्षण पुष्कळदा नसते, म्हणून ते दाराच्या आतच ठेवावेत. चांदणीतल्या दिव्याविषयी एवढेच की आकाशकंदिलाचा जुना ६० वॅटचा बल्ब त्यात घालू नये. कागदाला तो तपकिरी करतो आणि कधीतरी पेटवतो. पाच वॅटचा एलईडी पुरतो. गव्हाणीच्या देखाव्यातला पेंढा आणि बर्फ म्हणून अंथरलेला कापूस यांच्याजवळ राइस लाइट नेऊ नये, हेही त्याच कारणासाठी.

झाड पुढे का कलते

आमचे झाड एका वर्षी मध्यरात्री पडले. मांजर नव्हते, वारा नव्हता, पंखा बंद होता. सकाळी सगळ्यांनी स्टँडला दोष दिला आणि मीही नवा स्टँड आणला; दुसऱ्या वर्षी नव्या स्टँडवर झाड तसेच कलले. तेव्हा मी ते चारही बाजूंनी फिरवून पाहिले. कोपऱ्यात उभ्या केलेल्या झाडाची भिंतीकडची बाजू कोणाला दिसत नाही, म्हणून तिथे कोणी काही टांगत नाही; काचेचे गोळे, घंटा आणि नातवाने शाळेत केलेला जाडजूड मातीचा देवदूत हे सगळे समोरच्या बाजूला. त्यात मुलांचा हात पोहोचतो त्या उंचीवर तर गर्दीच. वजन कमी असले तरी ते खांबापासून फूटभर पुढे लटकते आणि तिथून झाडाला सतत पुढे ओढत राहते.

उपाय सजावटीतच आहे. जड वस्तू खांबालगत, फांदीच्या बुंध्याकडे आणि खालच्या दोन थरांत टांगाव्यात, हलक्या वस्तू टोकांना. आणि माळेचा उरलेला हात-दोन हात गुंडाळा, जो आपण लपवायला म्हणून कुठेतरी कोंबतो, तो मागच्या बाजूला खाली ठेवावा. स्टँडचे पाय पूर्ण उघडले आहेत की नाहीत ते हाताने दाबून पाहावे, कारण प्लॅस्टिकचे पाय ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसत नाहीत तोवर उघडल्यासारखे दिसतात. खांब दोन-तीन तुकड्यांचा असतो. जोडाशी तो खुळखुळत असेल तर आतल्या तुकड्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत. स्टँडचा आवळायचा स्क्रू हरवणे ही तर ठरलेली गोष्ट आहे. हार्डवेअरच्या दुकानात खांब घेऊन गेले की मापाचा मिळतो, झाड घरी ठेवून ‘साधारण एवढा’ म्हणून बोटे दाखवली की मिळत नाही. एवढे करूनही भरवसा वाटत नसेल तर स्टँडसकट झाड बादलीत उतरवून भोवती वाळू भरावी आणि बादलीला लाल कापड गुंडाळावे. आमच्या घरी गेली दोन वर्षे गौरीच्या जुन्या खणाचे कापड त्या कामी येते.

फांद्या चपट्या, झाड विरळ

प्लॅस्टिकच्या झाडाची फांदी म्हणजे पिळलेल्या लोखंडी तारेत धरलेल्या पीव्हीसीच्या पट्ट्या. अकरा महिने खोक्यात दाबून ठेवल्यावर त्या पट्ट्या दाबलेल्याच राहतात, आणि थंडीत पीव्हीसी कडक होत असल्याने डिसेंबरात त्या सरळ करायला गेले की तुटून खाली पडतात. म्हणून खोके उतरवल्यावर झाड आधी अर्धा-पाऊण तास गच्चीवर उन्हात ठेवावे. इंदुरात डिसेंबरच्या दुपारी एवढे ऊन हमखास मिळते. केस वाळवण्याच्या यंत्राने हे काम लवकर होते असे म्हणतात, पण मी ते जवळ धरून एक फांदी वितळवली आहे. पट्ट्या मऊ झाल्या की खालच्या थरापासून, खांबाकडून टोकाकडे, एक फांदी वर, एक खाली, एक बाजूला अशी फुलवत यावे. पाच फुटांच्या झाडाला सावकाश केले तर पाऊण तास लागतो, आणि बहुतेक घरांत यासाठी दहा मिनिटे दिली जातात. झाड विरळ दिसण्याचे खरे कारण अनेकदा एवढेच असते. तार दर वर्षी एकाच जागी वाकवली तर तिथे ती थकून मोडते, म्हणून वाकवताना बोट थोडे पुढे-मागे ठेवावे. फार जुन्या झाडाच्या पट्ट्या हाताला भुरभुरू लागल्या असतील तर ते झाड लहान मुलांच्या घरात ठेवू नये, कारण पूर्वी पीव्हीसीत शिशाची संयुगे मिसळत असत आणि ती धूळ हातातून तोंडात जाते.

कुंडीतले खरे झाड वाकडे वाढते

नर्सरीत ‘क्रिसमस ट्री’ म्हणून जे रोप मिळते ते बहुधा अरॉकेरिया असते. ते मूळचे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील नॉरफोक बेटावरचे, समुद्राच्या दमट हवेतले. खऱ्या पाइनशी त्याचे नाते दूरचे आहे. आमच्या शेजाऱ्यांनी दोन वर्षांत अशी दोन रोपे घालवली आणि तिसरे माझ्याकडे पाहायला आणले. त्याचे शेंड्याचे टोक एका अंगाला वाकून काळे पडले होते आणि खालून दोन थर तपकिरी झाले होते.

शेंड्याचे कारण चांदणी होती. टोकावर तारा बसवायचा हा रिवाज प्लॅस्टिकच्या झाडापुरता ठीक आहे. अरॉकेरियाचा शेंडा हा त्याचा उभा वाढणारा एकुलता एक कोंब असतो. तो चिरडला की बाजूच्या फांद्या त्याची जागा सहजी घेत नाहीत, कारण त्यांचा वाढण्याचा स्वभावच आडवा असतो, इतका की बाजूच्या फांदीची कलम लावली तर तीही आडवीच वाढत राहते. अशा रोपासाठी तारा कुंडीत खोचलेल्या बांबूच्या काठीला बांधावा आणि काठी शेंड्याच्या मागे, त्याला न टेकता, उभी करावी. माळही एलईडीची, तांब्याच्या तारेची, वजनाने नगण्य असावी.

तपकिरी पडलेल्या खालच्या फांद्या पुन्हा हिरव्या होत नाहीत, हे आधीच स्वीकारावे. पुढच्या फांद्या तशा होणे कसे थांबवायचे एवढेच पाहता येते. अंगणातल्या उजेडातले रोप थेट बैठकीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणून तीन आठवडे ठेवले की ते खालच्या फांद्या सोडू लागते. म्हणून ते आधी चार-पाच दिवस व्हरांड्यात आणि मग आठवडाभरच घरात, खिडकीपाशी ठेवावे. दुसरे कारण मातीचे आहे. आपली माळव्याची काळी माती शेतात गहू पिकवते, पण कुंडीत ती भिजली की चिखल आणि वाळली की दगड होते, आणि मुळांना हवा मिळत नाही. शेजाऱ्यांच्या कुंडीत बोट खुपसले तर वरची माती भेगाळलेली आणि आत दोन बोटांवर गार चिखल होता. काळ्या मातीत निम्मी वाळू आणि शेणखत मिसळून कुंडीचे छिद्र मोकळे केले. आता वरचा इंचभर थर वाळल्यावरच ते पाणी घालतात, आणि तिसरे रोप दुसऱ्या वर्षात आहे.

आवरण्याचा दिवस

आमच्याकडे झाड ६ जानेवारीच्या एपिफनी या ख्रिस्ती सणापर्यंत उभे असते आणि त्यानंतरच्या रविवारी उतरते. पूर्वी हे काम संक्रांतीच्या तिळाची पाखडणी चालू असताना घाईघाईने अर्ध्या तासात उरकले जाई. आता सकाळ राखून ठेवतो आणि क्रम ठरलेला आहे. प्रथम माळ पेटवून पाहायची, आणि काही विझलेले असेल तर तेव्हाच शोधायचे, कारण त्या दिवशी बल्ब कुठे अडकला होता ते आठवते. मग प्लग काढून माळ शेवटच्या टोकापासून, जशी चढवली त्याच्या उलट, वेढे सोडत उतरवायची. एक जण झाडाभोवती फिरतो आणि दुसरा पुठ्ठ्यावर गुंडाळतो. वीतभर रुंद पुठ्ठ्याच्या दोन्ही कडांना खाचा पाडल्या आहेत, त्यामुळे वेढे एकमेकांत गुंतत नाहीत, आणि डबी वेढ्यांच्या बाहेर मोकळी लोंबते. सेल काढून वेगळ्या पुडीत ठेवले जातात. सुटे राहिलेले बल्ब आणि स्टँडचा स्क्रू एका काजळाच्या जुन्या डबीत घालून ती खांबालाच चिकटपट्टीने बांधलेली असते.

झाड थरानुसार मिटून प्रत्येक थराला सुतळीचा सैल वेढा देतो आणि जुन्या चादरीत गुंडाळतो, मूळच्या खोक्यात कोंबत नाही; ते खोके दुकानात जागा वाचावी म्हणून बेतलेले असते. गुंडाळी माळ्यावर सगळ्यात वर राहते, तिच्यावर गणपतीचे मखर ठेवायचे नाही असे सौ. आणि मी, थोड्या वादानंतर, ठरवले आहे. माळा मात्र आता माळ्यावर जातच नाहीत. मे महिन्यात पत्र्याखालची ती जागा इतकी तापते की तारेवरचे आवरण चिकट होते, म्हणून पुठ्ठे आतल्या खोलीतल्या कपाटाच्या तळाशी असतात. ज्या माळा खरोखरच गेल्या आहेत त्या ‘पुढे कामी येतील’ म्हणून परत ठेवत नाही. सकाळी येणाऱ्या महापालिकेच्या गाडीत ई-कचऱ्यासाठी वेगळा कप्पा आहे, त्यात त्या जातात.

प्रत्येक पुठ्ठ्यावर सूनबाई पेनाने तारीख, बल्बांची संख्या आणि शेरा लिहिते. या जानेवारीत दोन पुठ्ठ्यांवर ‘४०, सगळे चालू’ असे आहे आणि तिसऱ्यावर, नातवाच्या अक्षरात, ‘४०, सत्ताविसाव्याकडे लक्ष ठेवणे’.